वरच्या वाटेवरची चाकं

सोमवारी तिसऱ्या वळणावर पुन्हा चाकांच्या खुणा दिसल्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाटी काय शोभेला लावलीय? ‘फक्त चालणाऱ्यांसाठी’, एवढाल्या ठसठशीत अक्षरांत! उद्यानाच्या टेकडीवरची ही वाट मी राखतो. राखतो कसला, मीच केलीय. अकरा वर्षं कुदळ मारून, दगड बसवून, पाणी बाजूला काढून देणारे चर खणून. आणि कोणी उपटसुंभ जाड टायरांची डोंगरी सायकल घेऊन येतो नि नेमक्या वळणांवर माती उकरून जातो. तिथून पाणी शिरतं आणि वाट खचते.

चालायला येणाऱ्यांनी तक्रार केली होती. उद्यानाच्या अधिकारी बाईंनी मला बोलावून सांगितलं, “शनिवारपर्यंत सायकलवाला सापडला नाही, तर वरची वाट तारेचं कुंपण घालून कायमची बंद. कोणाला धडक बसली तर निस्तरणार कोण?”

“बाई, वर्षभरात रान माजेल तिथं. वाट होती हेसुद्धा कळायचं नाही.”

“मग शोधा की त्याला!”

शोधायची माझी एक रीत आहे. वळणावरची माती दाताळ्यानं सारखी करून ठेवायची, फळा पुसल्यासारखी. नंतर येऊन वाचायची. खरं सांगायचं तर रागाइतकीच मला उत्सुकता लागली होती, कारण खुणा विचित्र होत्या. ब्रेक मारल्याची घसट कुठंच नाही. इतक्या उतारावर ब्रेक न मारता वळतो म्हणजे गडी पट्टीचा. पुढच्या चाकाची रेघ नागमोडी, म्हणजे वर नखरे! पण चरांपाशी आलं की हाच गडी सायकलवरून पायउतार होत होता. बुटांचे लहानसे ठसे स्पष्ट होते. सायकल हातात धरून, चराची कड न मोडता, पलीकडे नेत होता. नियम मोडणाऱ्याला माझ्या चरांचा एवढा पुळका का? मी उकिडवा बसून डोकं खाजवत राहिलो.

घरी ताई आणि मी दोघंच. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिचा मुलगा नोकरीला परगावी गेल्यापासून आम्ही एकत्र राहतो. तिचा खुबा झिजलाय, वीस पावलं चालली की भिंत धरते. बाजारहाट मात्र सायकलवर करते, बसल्यावर दुखत नाही म्हणते. जेवताना मी तिला रोज सगळं सांगायचो.

“उद्या सकाळी सहाला खालच्या फाटकाशी दबा धरून बसणार,” मी म्हणालो.

“बस बाबा. स्वेटर घालून बस पण,” ताई म्हणाली.

बुधवारी सकाळभर चिटपाखरू आलं नाही. एक ते दोन मी अवजारांच्या खोलीत ताईनं दिलेला डबा खाल्ला, हात धुऊन वर गेलो, तर ताज्या खुणा! गुरुवारी वरच्या टोकाला बसायचा बेत केला, तोही ताईला सांगितला. पुन्हा तेच. डबा संपवून येतो तोवर नाकावर टिच्चून गेलेला. माझ्या जेवणाची वेळ या पठ्ठ्याला ठाऊक कशी? मी सायकल दुरुस्तीवाल्यावर जाऊन उगाच डाफरलो. तो बिचारा म्हणाला, “साहेब, मला चढ दिसला तरी धाप लागते.”

शुक्रवारी सकाळी त्या शब्दानं माझ्या डोक्यात घर केलं. चढ. मी आदल्या दिवसाच्या खुणांवर नाक टेकेस्तोवर वाकलो. मागचं चाक माती मागं फेकतं. ही माती उताराच्या बाजूला पडली होती. अरेच्चा! म्हणजे हा उतरत नव्हताच, चढत होता. म्हणून ब्रेक नाही. म्हणून रेघ नागमोडी, कारण सायकल इतकी हळू की तोल जातोय. छे, याला पट्टीचा काय म्हणायचं! पण मजेसाठी उतरणारे मी खंडीभर बघितलेत. चोरून चढणारा कोण?

त्या दिवशी डबा तसाच ठेवला आणि एक वाजता शेवटच्या वळणावर झुडपामागं जाऊन बसलो. सव्वाला चेन करकरली. धापा ऐकू आल्या. मग वळणावर भाच्याची निळी सायकल दिसली. जिन्याखाली उभी असते ती, मी रोज तिला वळसा घालून कामावर येतो. तिच्यावर ताई होती, घामानं निथळलेली.

“ताई!”

ती दचकली नाही. एक पाय टेकवून उभी राहिली. “आज जेवला नाहीस?”

“काय चाललंय हे? तुला सायकलच दामटायची होती तर मागचा गाडीरस्ता आहे ना! तिथं परवानगी आहे!”

“त्यानंच उतरून मी घरी जाते. पण तिथून तुझी वाट कुठं दिसते?” ती म्हणाली. “अकरा वर्षं ऐकतेय रे. हे वळण, ते वळण, इथं बसवलेला दगड. चालून यायचं तर पहिल्या चरापर्यंतही पोचायची नाही मी. वाटलं, खुबा आहे तोवर बघून घ्यावी. एकदा बघितली, मग राहवेना.”

माझा राग कुठल्या कुठं गेला. नियम मोडणाऱ्याचं नाव-पत्ता लिहायचा छापील फॉर्म खिशातून काढला, पण नाव लिहवेना.

“नाव गेलं की वर्षभर उद्यानात बंदी आहे, ताई.”

“आणि नाही लिहिलंस तर?”

“उद्या कुंपण. वाट संपली.”

“मग विचारतोस काय खुळ्यासारखं? लिही. पत्ता तर तुला पाठ आहे.”

मी लिहिलं. तिनं खाली सही केली, नीट, पूर्ण नावानं. मग सायकल वळवताना म्हणाली, “पाचव्या वळणाचा आतला मोठा दगड डुगडुगतोय. कधीचं सांगायचं होतं, पण सांगितलं असतं तर पकडली गेले असते.”

शनिवारी बाईंनी फॉर्म बघितला, पत्त्यावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. कुंपण रद्द झालं. मी तडक पाचव्या वळणावर गेलो. दगड खरंच डुगडुगत होता. आमच्या साऱ्या वाटसरूंपैकी एकालाही तो दिसला नव्हता, आणि मलाही नाही.

घरी आलो तर ताई दारातच खुर्ची टाकून बसलेली.

“बसवला?”

“बसवला.”

“पाचर कुठून मारलीस? खालून की बाजूनं?”

अकरा वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. “खालून,” मी म्हणालो आणि तिच्या खुर्चीशेजारी उंबऱ्यावर बसलो. वर्षभर तिला तो दगड बघता येणार नव्हता, आणि वर्षानंतर तिचा खुबा सायकलवर टांग टाकू देईल की नाही, ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.