दोन घराण्यांमधली दोरी

सासूबाईंच्या काजूच्या बागेत फवारणीचा पंप वीस वर्षं खुंटीलाच होता. मोहोराची राखण लाल मुंग्या करत. रस शोषणारा किडा झाडावर बसायचा अवकाश, की त्याचा फडशा पडे. मुंग्या काही संत नव्हेत. कोवळ्या फांद्यांवर पांढरी पिठ्या कीड त्याच पाळत, आणि काजू तोडायला चढलेल्या गड्याला अशा डसत, की तो पुढच्या वर्षीचा नकार देऊनच खाली उतरे. तरी सासूबाईंचा त्यांच्यावर भारी जीव. एका राणीची प्रजा म्हणजे एक घराणं. त्या घराण्याच्या झाडांना आपसात दोरी बांधायची, म्हणजे मुंग्या सगळीकडे फिरतात. दोन घराण्यांची झाडं मात्र चुकूनही जोडायची नाहीत, नाहीतर कापाकापी. कुठलं झाड कुणाचं, हे फक्त सासूबाईंच्या डोक्यात होतं.

त्या सकाळी सून बागेत गेली. दोन झाडांखाली मेलेल्या मुंग्यांचा सडा पडला होता, आणि वर नवी कोरी दोरी. आदल्या दुपारी सासूबाईंनीच ती बांधली होती. सुनेने शिडी धरली होती. झाड ठरवताना सासूबाई घुटमळल्या, तेव्हा तिला शंका आलीही होती, पण सासूबाईंना मुंग्यांमधलं शिकवायचं कुणी?

तेवढ्यात सासूबाई आल्याच. "कुणी केला हा गाढवपणा?"

त्या खरंच विचारत होत्या. हल्ली त्या चहात दोनदा साखर घालत, तेव्हा घरात सगळे हसत. आता सुनेला हसू येईना. बाग हातातून गेली तर ही बाई जगायची कशी?

"मी," ती म्हणाली.

"दहा वर्षं झाली या घरात येऊन, आणि अजून अक्कल नाही? ऐन मोहोरात झाडं उघडी पाडलीस! डोळे काय गहाण टाकलेस?"

तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच. सून दोरी सोडायला गेली, तसा सासूबाईंनी तिचा हात खसकन ओढला, आणि तो उलटसुलट करून पाहिला. सुनेच्या हातावर चाव्याची एकही खूण नव्हती. त्यांचे स्वतःचे हात कोपरापर्यंत लाल गांधींनी भरले होते. दोरी बांधणाऱ्याला मुंग्या सोडत नाहीत.

"तुला एकही चावली नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"मी राख चोळली होती, आई."

"खोटं तरी धड बोल गं."

त्या तडक पडवीत गेल्या आणि खिडक्यांना लावून उरलेल्या रंगाचे डबे घेऊन आल्या. निळा, पिवळा, हिरवा. "चल. आठवतंय तोवर बुंध्यांवर खुणा करून टाकू."

सुनेचे डोळे भरून आले, पण तिने डबे उचलले. सासूबाईंचा हात झपाझप चालला. हे निळं, हेही निळं, ते पिवळं, त्याला हात लावू नकोस, ते भांडकुदळ. चौदा झाडं झाली. कुंपणापाशी मात्र त्यांचा ब्रश हवेतच थांबला. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं.

"हे कुणाचं गं?"

सुनेला ठाऊक नव्हतं. दहा वर्षांत तिने कधी विचारलंच नव्हतं, याचा तिला स्वतःचाच राग आला. तिने डबा खाली ठेवला आणि बुंध्याशी फतकल मारली.

"थांबा, आई, सांगू नका. मला ओळखू दे."

सासूबाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं.

"बरं, ओळख," त्या म्हणाल्या, आणि तिच्या खांद्याचा आधार घेऊन शेजारी बसल्या.