नाव फक्त भूलतज्ज्ञाला

तो बेल्जियममधल्या लूव्हन शहरातला एक साधा मंगळवार होता. वेगळं एवढंच, की आईच्या नोकरीच्या एकतीस वर्षांत एकदाही तिच्या शस्त्रक्रियागृहाकडे न फिरकलेली वीर्ले आज हिरवा झगा घालून तिथे भिंतीशी उभी होती. आई, गोदेलीव, न जन्मलेल्या बाळांची भूलतज्ज्ञ. वीर्लेच्या कित्येक वाढदिवसांना ती इथेच असायची, आणि वीर्लेने तो राग जपून ठेवला होता.

टेबलावर आनेलीस जागी होती, कमरेखाली बधिर. तिच्या पोटातल्या बाळाच्या छाती आणि पोटामधल्या पडद्याला भोक होतं. आतडी वर सरकून फुप्फुसांना वाढायला जागाच उरली नव्हती. बाळाच्या श्वासनलिकेत इवलासा फुगा बसवायचा, म्हणजे आत अडलेल्या पाण्याने फुप्फुसं फुगतील.

तिथे बाळाचं नाव जन्माआधी कुणी फोडत नाही. आजीलाही ते जन्मानंतर छापून येणाऱ्या कार्डावरच कळतं. पण गोदेलीवचा नियम होता, की ज्याला भूल द्यायची त्याला आधी नावाने हाक मारायची. ती वाकली, आनेलीसने कानात नाव सांगितलं. गोदेलीवने ते पोटाशी तोंड नेऊन हळूच उच्चारलं आणि किलोभर जिवाला पुरेल एवढं औषध सर्जनच्या हाती दिलं.

स्क्रीनवर बाळाने पाय ओढून घेतला. सगळे थांबले. पाय सैलावला तेव्हाच सुई मांडीत गेली. हळूहळू मूठ उघडली, बोटं पाण्यात तरंगू लागली; हृदय तेवढं चालू राहिलं. चर्चमध्येही कधी वाटलं नव्हतं, पण वीर्लेला गुडघे टेकावेसे वाटले.

फुगा नीट बसल्यावर कँटीनमध्ये सूप पिताना ती आईला हेच सांगणार होती. बोलली भलतंच.

“मला झोपवायला कधी घरी होतीस का गं?”

“तू झोपायचीस कुठे? तुझ्यापुढे माझी औषधंही हरली असती.”

“बरं, नाव तरी सांग.”

“कार्ड आलं की वाच. चोंबडी कुठली.”

दोघी हसल्या, आणि सांगायचं ते राहूनच गेलं.

बुधवारी सकाळी गोदेलीव स्वयंपाकघरात कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. ती शुद्धीवर आलीच नाही.

आठवड्याने अंत्यदर्शनाला आनेलीस पोट सांभाळत आली. फुप्फुसं थोडी वाढलीत, म्हणाली. मग शवपेटीकडे बघत पुटपुटली, “आम्हा नवराबायकोखेरीज नाव फक्त यांनाच माहीत होतं.”

वीर्लेच्या मनात आलं, एकतीस वर्षांतली किती नावं आईने अशी सांभाळली असतील. काहींची कार्डं कधी छापलीच गेली नसतील. ती शवपेटीजवळ गेली. खोली माणसांनी भरली होती, तरी तिने आवाज दबका ठेवला नाही.

“आई, त्या बाळांचा मला हेवा वाटायचा. आणि मंगळवारी तुला पाहिलं तेव्हा वाटलं, याहून मोठं काम मी कुणाला करताना पाहिलेलं नाही.”