झाकलेली गोळी

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ताराबाईनं मात्र ही मूठ इतकी आवळून धरली की तिची नखं नवऱ्यालाच रुतली.

तिचा नवरा चंपत भिलाईच्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर होता. ऐन तारुण्यात त्याचं डोकं फिरलं, तेव्हा सुपेल्याच्या चौकात गाड्या अडवून भाषण ठोकत उभा राहिला होता. लिथियमच्या गोळीनं त्याला पुन्हा माणसांत आणलं. ताराबाईनं ती बीपीची म्हणून खपवली. रिसाली कॉलनीतली आपली सारी माणसं विहारात भेटणार, एकाच्या कानी गेलं की गावभर! लॅबमध्येही ओळखीचं कोणी निघेल म्हणून या गोळीसाठी दर काही महिन्यांनी लागणारं रक्त तपासणंही तिनं कधीच सोडून दिलं होतं. आणि आता तर लेकीचं, आम्रपालीचं, सुमेधशी जमत आलं होतं.

अशात चंपतची हाडं ठणकायला लागली. हाडांच्या दवाखान्यात कंपाउंडर निघाला गुलाब, सुमेधचा मावसभाऊ.

"काकू, दुसरी कोनती गोळी चालू हाय का?"

"बीपीची, बाबू. बाकी काईच नाई."

डॉक्टरनं कॅल्शियम लिहून दिलं. भट्टीवर राबलेल्या माणसाला दूधच तारतं, अशी कॉलनीतल्या बायकांची श्रद्धा. ताराबाईनं मायेपोटी वर नाचणी आणि दूध वाढवलं.

चंपत घटाघटा पाणी पिऊ लागला, मग बरळू लागला. जुनंच दुखणं उलटलं असं समजून तिनं त्याला खोलीत कोंडलं. आम्रपाली घरी येऊन ओरडली, तेव्हा कुठं गाडी बोलावली.

मोठ्या दवाखान्यात लिथियमचं नाव आम्रपालीनंच घेतलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. त्या औषधानं गळ्यातली थायरॉइड मंदावली होती आणि तिच्यामागच्या चिमुकल्या ग्रंथी बेफाम होऊन हाडांतलं कॅल्शियम रक्तात सोडत होत्या. त्यात कॅल्शियमच्या गोळ्यांची आणि घरच्या दुधा-नाचणीची भर. किडन्या गेल्यातच जमा होत्या. आता लिथियमही देता येणार नव्हतं.

ताराबाई बाकावर बसून रडली. "तुयासाठीच केलं वो. सुमेधच्या घरी समजलं असतं तं?"

"आई, उनको शुरू से मालूम है. मी पह्यल्याच भेटीत सांगतलं होतं."

"मंग मले कावून नाई सांगतलं?"

"त्या गोळीचं नाव तू घरात कधी काढू देल्लं?"

आत चंपत तिलाच हाका मारत होता. तिला ऐकू येत होतं, पण तिच्यानं उठवेना.