पंखाखालचं झाकण

ताईने ड्रिलचं टोक खुणेवर टेकवलं आणि असा जोर दिला, जणू खाली अ‍ॅल्युमिनियमचं झाकण नव्हतं, भावजयीची मान होती.

"वन्सं, सावकाश. पत्रा फाटेल."

"सहा वर्षं हा पत्रा मी कापलाय. तू नुसती उडवतेस. धर घट्ट."

भावजयीने विमानाच्या पंखाखालून काढलेलं ते झाकण बाकावर आणखी दाबून धरलं. तिच्या या शांतपणानेच ताईचं डोकं जास्त फिरलं. सकाळी शेडमध्ये आल्या आल्या ताईने त्याच रागात अख्ख्या विमानाला पॉलिश मारलं होतं. राग आला की तिला काहीतरी घासायला लागायचं. घरी पातेली असायची, इथे विमान.

तंत्रशाळेत पत्राकाम शिकवून निवृत्त झाल्यावर ताईने हे दोन माणसांचं विमान स्वतः बांधलं होतं. उडवायचा परवाना मात्र तिच्या धाकट्या भावाच्या बायकोकडे. महिन्यापूर्वी धावपट्टीवर उतरताना विमान एकदम खाली बसलं आणि चाकांवर आपटलं. शेजारच्या सीटवर आठ वर्षांची भाची होती. तिच्या ओठाला तीन टाके पडले. भावजय म्हणाली, वेगाचा काटा बरोबर होता. ताई म्हणाली, नाचता येईना, अंगण वाकडं.

वर दुसऱ्या दिवशी ही बाई लेकीजवळ बसायचं सोडून तासभर शेडमध्ये एकटीच काहीतरी करत होती. त्याच संध्याकाळी ताईने तिच्याकडून शेडची किल्ली काढून घेतली आणि भावाला बजावलं, तुझी बायको यापुढे माझ्या विमानाला हात लावणार नाही. भावाने महिनाभर विनवण्या केल्या, तेव्हा कुठे ताईने अट घातली. आधी हे यंत्र बसेल, मग बघू.

यंत्र कसलं, बोटाएवढी दांडी. ती पंखाखालून पुढे डोकावते आणि पंख वाऱ्याला किती कोनात भिडतोय ते ओळखते. कोन फार चढला की पंख वारा सोडतो आणि विमान दगडासारखं खाली येतं. त्याच्या आधीच वैमानिकापुढे लाल दिवा लागतो, भोंगा वाजतो.

"आता तुझा काटा नाही बोलायचा, भोंगा बोलेल," ताई म्हणाली. "मग कळेल कोणाचा हात जड आहे ते."

"बरं."

भोकाची कड कानशीने गुळगुळीत करून ताईने दांडी बसवली. मागून दोन रबरी नळ्या निघत होत्या. त्या उलट जोडल्या तर यंत्र संकटात गप्प राहतं आणि सुखात बोंबलतं, म्हणून तिने एकीला लाल दोरा बांधला. भावजयीचा हात बारीक. तिनेच तो पंखाच्या पोटात घालून नळ्या वैमानिकापुढच्या दिव्यांकडे ओढून घेतल्या. झाकणाचे स्क्रू बसल्यावर ताईने दांडीच्या भोकात सिरिंजने हलकेच हवा सोडली. दिवे हिरव्यावरून लालवर गेले, भोंगा वाजला.

"आता वही आण," ताई म्हणाली.

विमानावर झालेलं प्रत्येक काम तारखेसह वहीत उतरायचं, हा ताईचाच नियम होता. महिनाभर काही काम झालं नव्हतं, त्यामुळे तिने वही उघडलीही नव्हती. भावजय वही हातात घेऊन जरा घुटमळली.

"काय झालं? दे इकडे."

शेवटची नोंद ताईच्या अक्षरातली नव्हती. तारीख त्या आपटण्याच्या दुसऱ्या दिवसाची.

"बाहेरचा दाब घेणारी दोन्ही बाजूंची भोकं जवळजवळ बुजलेली. पॉलिशचं मेण. काडीने साफ केली. काटे तपासले, ठीक."

ताईने ते दोनदा वाचलं. विमानाच्या अंगावरची ती टाचणीच्या डोक्याएवढी भोकं तिनेच पाडली होती. ती अर्धवट बुजली तर उतरताना आतला दाब मागे रेंगाळतो, वेगाचा काटा जास्त वेग दाखवतो आणि विमान असतं हळू, हे ती स्वतः सगळ्यांना समजावून सांगायची. आणि त्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, उद्या माझी भाची बसणार म्हणून, तिनेच हे विमान आरशासारखं चकाकवलं होतं.

"महिनाभर तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही सांगत होतात."

"मी चारचौघांत तुझी लाज काढली."

"हो. काढलीत." भावजयीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "झोप येत नव्हती मला. पण आईचा हात चुकला म्हटलं तर पोरगी चार दिवस रुसते. आत्याचं विमान चुकलं म्हटलं, तर पुन्हा पाऊल ठेवायची नाही त्यात."

"तुला कोणी सांगितलं होतं हा शहाणपणा करायला?"

ताईने पेन घेतलं. यंत्राची नोंद राहिली बाजूला, आधी त्या जुन्या नोंदीखाली तिने लिहिलं, "पॉलिश मी केलं होतं," आणि कागद फाटेल इतक्या जोरात सही केली. कमरेची किल्ली काढून वहीवर आपटली.

"घे. चार वाजता वारा पडेल, तेव्हा उडव."

भावजयीने किल्ली उचलली आणि ती दाराकडे वळली.

"थांब."

ताई बॅटरी आणि एक काडी घेऊन विमानाच्या बाजूला गेली. गुडघे कुरकुरले तरी उकिडवी बसली. भोकाच्या तोंडाशी पांढरं काहीतरी होतं, आज सकाळचं. तिने ते काढलं, पलीकडे जाऊन दुसरंही साफ केलं आणि बॅटरी भावजयीच्या हातात दिली.

"तू बघ. माझ्यावर विसंबू नकोस."

भावजय वाकली आणि दोन्ही भोकं तिने खरोखरच नीट, वेळ घेऊन तपासली. ताईला त्याचाही राग आला.