किहीमचे दोन कप्तान

किहीमला माझं कॉटेज आहे. तिथे टीव्हीवरचे दोन अवकाशयानाचे कप्तान उतरतात, एक जुन्या मालिकेतला, एक नव्या. जुना दर शनिवारी येतो, किनाऱ्यावर एक राक्षस लोळवतो, सुरमईचं ताट संपवतो आणि रविवारी खोली सोडतो. पुढच्या शनिवारी त्याला काही म्हणजे काही आठवत नाही. पुन्हा आपलं, "ताई, आपलं नाव?" अहो, कल्पिता! किती वेळा सांगू?

नवा गणपतीत आला, तो अजून हललेला नाही. "चहा की कॉफी?" विचारलं तर समुद्राकडे बघत म्हणतो, "त्याचं उत्तर माझ्या वडिलांच्या मृत्यूत दडलंय. पुढच्या भागात कळेल." माझं डोकंच फिरलं!

म्हटलं, एवढे शूर आहात ना, मग माझ्या नवऱ्याचं आणि दिराचं भांडण मिटवा. बांधावरच्या नारळावरून दोघांचा अबोला माझ्या लग्नाआधीपासून चालू आहे. जुन्याने संध्याकाळच्या आत दोघांना गळाभेट घ्यायला लावली. रविवारी तो गेला आणि यांची तोंडं पुन्हा फिरली.

तेव्हा नवा पहिल्यांदाच खुर्चीतून उठला. "मला तो नारळ दाखवा."

"तो वादळात केव्हाच पडला," नवरा म्हणाला. "पण म्हणून भांडण कशाला थांबवायचं?"

कप्तानाच्या डोळ्यांत पाणी आलं. वाकून तो नवऱ्याच्या पाया पडला. "गुरुजी, कारण संपल्यावरही इतके भाग!"