विरोधात एक हात

शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझ्या उरलेल्या दोन दाढाही गळून पडोत.

चर्चचा पाणक्या टाकीत उतरून तळ घासत होता आणि वर काठावर बसून त्याची बायको बाप्तिस्म्याच्या झग्यांच्या काठात शिशाचे गोळे शिवत होती. गोळे नसले की झगा पाण्यावर फुग्यासारखा तरंगतो, आणि पाळकांना नजर कुठं ठेवावी कळत नाही.

ही बॅप्टिस्ट पंथाची ख्रिस्ती मंडळी. तान्ह्या बाळाच्या कपाळावर चार थेंब शिंपडले, झालं, असलं त्यांना चालत नाही. माणसानं मोठं व्हावं, माझा विश्वास आहे असं आपल्या तोंडानं सांगावं, मग नखशिखांत पाण्यात जावं. व्यासपीठाच्या फळ्या काढल्या की खाली त्यासाठीच टाकी. पाणक्या उभा जन्म ती भरत आला. पाणी असं गार, की एक खाटीक बुडून वर आला तो अजून न केलेली पापंसुद्धा कबूल करून मोकळा झाला.

स्वतः पाणक्या मात्र कोरडा. "आतून काही हललं की सांगेन," म्हणायचा. हललं नाही. आणि जो बुडाला नाही तो सभासद नाही, त्याला प्रभुभोजनाची भाकर नाही. बाकीच्या बॅप्टिस्टांनी आपसात भांडभांडून हा नियम कधीच सैल केला होता. ही मंडळी मात्र हट्टाला पेटलेली. भाकरीचं ताट आलं की बायको आपला तुकडा घ्यायची आणि ताट त्याच्या मांडीवरून पलीकडे द्यायची.

आता तिच्या छातीचं दुखणं विकोपाला गेलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते.

"अगं, रविवारी मीही उतरतो," पाणक्या घासता घासता म्हणाला.

"कशात?"

"टाकीत."

"आत्ता कुठं आहात मग?"

"झगा घालून गं."

तिनं दोरा दातानं तोडला. "हललं वाटतं आतून?"

"हललं."

"कधी?"

"हे काय, मघाशी. घासताना."

ती पुढचा झगा घेऊन बसली. दोनदा सुई बोटात गेली.

त्यांच्यात वरून कुणाचा हुकूम येत नाही. उमेदवारानं सगळ्यांपुढं उभं राहायचं आणि सभासदांनी हात वर करून ठरवायचं. या मंडळीत तर एकजण जरी नको म्हणाला तरी थांबायचं.

"विश्वास कधीपासून?" रविवारी पाळकांनी विचारलं.

"परवापासून," पाणक्या म्हणाला. बाकांवर खसखस पिकली. जीव होता सगळ्यांचा त्याच्यावर. भराभर हात वर झाले.

"विरोधात कुणी?" पाळकांनी विचारायचं म्हणून विचारलं. एव्हाना ते बाह्या सरसावत होते.

शेवटच्या बाकावरून एकच हात वर आला. त्याच्या बायकोचा.

"बाई, अहो, नवरा आहे तुमचा."

"म्हणूनच तर." तिला दम लागला होता. "माझ्यासाठी बोलतायत ते. आपले पहिले लोक तुरुंगात कशापायी सडले? राजा सांगतो म्हणून, बाप सांगतो म्हणून देव मानायचा नाही, यासाठीच ना? मग बायको खोकते म्हणून कसा मानायचा?"

पाळकांनी बाह्या खाली घेतल्या.

पाणक्या येऊन तिच्या शेजारी बसला. "शेजारी बसून एकदा खायचं होतं गं तुझ्याबरोबर."

"माहितीय मला. सरका जरा."

ताट आलं. तिनं ते थोडा वेळ हातात धरलं, आणि तुकडा न घेताच त्याच्या मांडीवरून पलीकडे दिलं. मग दोघं रिकाम्या हातांनी बसून राहिले, बाकीच्यांचं खाऊन होईपर्यंत.

सगळं खरं. एक तेवढं मी जुळवलेलं. विरोधात एकच हात नव्हता, दोन होते. ती बोलून खाली बसली, तेव्हा पुढं उभ्या पाणक्यानंही हळूच हात वर केला. सभासद नव्हता, म्हणून तो मोजला नाही.