तिसऱ्या ठोक्याचा उशीर

लोक त्याला ठेकेदार म्हणत, पण या गृहस्थाने आयुष्यात एक वीटही रचली नव्हती. ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचा, ठेका धरायचा, म्हणून ठेकेदार. मागच्या वर्षी मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि उजवा हात लुळा पडला. जीव वाचला हे नशीबच. पण हात नाही म्हणजे ड्रम नाही, आणि ड्रम नाही तर हा माणूस करणार काय? सोफ्यावर बसून भिंतींकडे बघायचा. जेवणाचं टेबलही मुकं झालं. आधी ताट येईपर्यंत त्याची बोटं टेबलावर चालायची आणि बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, बंद करा ती टकटक! डोकं उठलं माझं!" आता बिचारीला ओरडायलाही कारण उरलं नव्हतं.

लेकीला हे बघवेना. एका सुट्टीच्या दिवशी तिने त्याच्यापुढे लॅपटॉप ठेवला. "बाबा, कोड लिहून संगीत करता येतं. बघा तरी."

"मला मोबाइल धड वापरता येत नाही, आणि म्हणे कोड!"

पण बघितलं. एक ओळ लिहायची: कुठला आवाज, फेरीत कुठल्या जागी, किती जोरात. कळ दाबली की ती फेरी वाजायला लागते आणि घाण्याच्या बैलासारखी फिरत राहते. ती वाजत असतानाच ओळ बदलायची.

"एका हाताने लिहायला मला जन्म लागेल," तो म्हणाला.

"लागू दे की. तुम्ही कळ दाबेपर्यंत जुनी ओळ वाजतच राहते. थांबतंय कोण?"

हे मात्र त्याला पटलं. लुळ्या हाताच्या माणसाला इतकं सांभाळून घेणारं वाद्य दुसरं कुठलं असणार!

अडचण निराळीच निघाली. सगळं आयुष्य हातावर वाजवलेलं, थिअरीच्या नावाने बोंब. लेक विचारायची, "हा ठोका कितव्या मात्रेवर?" हा म्हणायचा, "हाताला विचार." आणि हात तर मांडीवर पडलेला. मग बसला मुकाट्याने शिकायला. मात्रा, मात्रेचे तुकडे, कुठली जागा भरलेली, कुठली रिकामी. कंस राहिला की पडद्यावर लाल अक्षरं यायची. तो त्यांना शिव्या घालायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. हट्टी तो जन्माचाच होता. या वेळी तो हट्ट कामी आला एवढंच.

अशात गायकाचा फोन आला. शाळेपासूनचा दोस्त, ऑर्केस्ट्राचा कर्ताधर्ता. "रविवारी एका नव्या ड्रमरला ऐकणार आहोत. तुला बाहेरून कळायला नको, म्हणून मीच सांगतो."

"त्याच्याआधी मला ऐक."

"तुला? अरे, पण…"

"उद्या येतो. प्लग मोकळा ठेव."

सरावाची खोली गॅरेजच्या वर होती. लेकीने प्रोजेक्टर लावला. अशा वादनात पडदा सगळ्यांना दाखवायची रीतच आहे, चुकांसकट. त्याने ओळ चालू केली, गायकाने गाणं धरलं आणि दुसऱ्याच ओळीला सोडून दिलं.

"बरोबर आहे रे सगळं. पण गाताना पाय टेकत नाही. हा तू नाहीस."

गिटारवाला उगाच तारा पुसत बसला.

"शनिवारी परत येतो," ठेकेदार म्हणाला.

"हट्ट सोड आता."

"शनिवारी."

घरी आल्यावर त्याने जंग जंग पछाडलं. जुनी रेकॉर्डिंग काढली, तर त्यात ट्रम्पेटच्या गदारोळात ड्रम बुडालेला. संगणकाला ठोके आपल्या मनाने मागेपुढे करायला सांगितले, तर दारुडा जिना उतरल्यासारखं वाजलं. आपला हात नेमकं काय करायचा, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं! रागाने लॅपटॉप मिटणार, तेवढ्यात बायको दुपारचं ताट घेऊन आली.

"तिसरा लवकर पडतोय," ती म्हणाली.

"काय?"

"तिसरा ठोका हो. तुमचा नेहमी रेंगाळून यायचा. आता पडेल, मग पडेल, म्हणून मी हातातलं काम सोडून वाट बघत बसायचे. डोकं उगाच उठायचं का माझं?"

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "वाजवून दाखव."

"इश्श, मी?"

पण तिने ताट ठेवलं, ओली बोटं पदराला पुसली आणि टेबलावर वाजवलं. एक, दोन, मग तो आळशी तिसरा, आणि चौथा. त्याचाच हात, तिच्या बोटांत जपून राहिलेला. त्याने तिसऱ्या ठोक्यापुढे उशिराचा आकडा लिहिला आणि कळ दाबली.

"अजून उशिरा," ती म्हणाली. "अजून थोडा. अहो, एवढा नाही! हं… बास."

शनिवारी त्याने तिलाही बरोबर घेतलं. "माझं काय काम तिथे?" म्हणत ती मागच्या खुर्चीत पर्स मांडीवर धरून बसली.

पहिलं गाणं सुरळीत गेलं. गायकाचा पाय आपसूक हलायला लागला. मग त्याने मुद्दामच संथ गाणं काढलं. ठेकेदाराने लय उतरवली, उशीर मात्र तोच ठेवला, आणि संथ लयीत तो उशीर पुरेना. गायकाचा आवाज पुन्हा अडखळला. भिंतीवरची ओळ सगळे बघत होते. ठेकेदाराचा डावा हात कळांवर तसाच थिजला. आता गेलं, त्याला वाटलं, आता हे हातचं गेलंच.

मागून आवाज आला. "अहो, रेंगाळू द्या ना त्याला! कुठे गाडी पकडायचीय?"

एका बोटाने त्याने आकडा शोधला, खोडला, नवा लिहिला. तेवढा वेळ जुनी ओळ वाजत राहिली. मग कळ दाबली.

गायकाने डोळे मिटले आणि गाणं शेवटपर्यंत नेलं.

संपल्यावर गायकाने त्या नव्या ड्रमरला फोन लावला. "उद्या येऊ नकोस बाबा, राग मानू नकोस. आमचा ठेकेदार मिळाला." मग मागच्या खुर्चीकडे बघून म्हणाला, "दोन मिळाले."

सगळे हसले. ठेकेदाराची डावी बोटं आपोआप लॅपटॉपशेजारी टेबलावर चालायला लागली.

"अहो," बायको ओरडली, "बंद करा ती टकटक!"